एक रूळ पांढुर्ण्याचा, एक सावरगावचा

आमच्या सौंसरात चपला दोन प्रकारांनी झिजतात. एक, चालून. दोन, मेटमामांच्या पायात पडून. बसस्टँडसमोर माझं चपलांचं दुकान आहे, त्यामुळे या विषयात माझा शब्द शेवटचा मानावा. कापूस वेचणारी बाई जी चप्पल दोन हंगाम घालते, पोस्टमन जी वर्षभर ओढतो, तीच चप्पल मेटमामा पोळ्याला नेत आणि दसऱ्याला तिचा नुसता अंगठा आणून माझ्या काउंटरवर ठेवत. "हे पाहा शेठ. चप्पल गेली, आठवन राह्यली." चपलेला दोष देण्याची सोय नव्हती, कारण हा माणूस उभा राहूनसुद्धा चालत असे. या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. दाढीला गेले की न्हावी वस्तरा एका जागी धरून ठेवी आणि मामा गाल फिरवून घेत. त्यांच्या लग्नात फेरे संपल्यावर भटजींनी "आता बसा" म्हटलं, तोवर नवरदेव पुढच्या फेऱ्याला निघून गेले होते, आणि पदराला गाठ असल्यामुळे नवरीलाही जावं लागलं. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण मामींनी कधी खोडूनही काढलेलं नाही.

मेट हे त्यांचं खरं पद नव्हे. रुळांची देखभाल करणाऱ्या रेल्वेच्या टोळीचा जो म्होरक्या असतो, त्याला मेट म्हणतात. मामांनी रेल्वेची एक दिवसही नोकरी केली नव्हती. उलट उभी हयात ते बसचे एजंट होते. पहाटेपासून बसस्टँडवर त्यांचा आवाज लागे: "ना-ग-पूssर, नागपूर नागपूर नागपूर!" त्या आवाजाने मोहगावची कोंबडी आरवायची विसरली होती म्हणतात. छिंदवाड्याला जायला घरून निघालेला माणूस मामांच्या तडाख्यात सापडला की नागपूरला उतरून विचार करत बसे, की आपलं इथे काय काम होतं.

त्यांचा एकच शत्रू होता, छोटी लाईन. नागपूर ते छिंदवाडा धावणारी ती अरुंद रुळांची गाडी सौंसरावरून जात असे. जात असे म्हणजे निघालेली असे. तिचा वेग असा, की शेवटच्या डब्यातला माणूस खाली उतरून, बांधावरची संत्री तोडून, बागवाल्याच्या शिव्या खाऊन, त्याच्याच पोरीशी आपल्या पुतण्याची सोयरीक जुळवून पुन्हा पहिल्या डब्यात चढे. तरी लोक तिच्यावर जीव टाकत, आणि मामांच्या जिवाचा संताप होई. ते थेट प्लॅटफॉर्मवर जाऊन रेल्वेचे पॅसेंजर पळवत. "काहून बसून राहिले बाप्पा हिच्यात? ही गाडी नोहे, बैलगाडीची लहान बहीन होय! चला, चला, नागपूर!" स्टेशनमास्तर मागे, मामा पुढे, आणि मामांच्या मागे गठुडं डोक्यावर घेतलेले पॅसेंजर, अशी मिरवणूक स्टेशनातून बसस्टँडवर येताना मी दुकानात बसून पुष्कळदा पाहिली आहे.

मग मोठी लाईन टाकायचं ठरलं आणि छोटी बंद झाली. सगळे पॅसेंजर मामांचे झाले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस बसस्टँडचा राजा. झालं भलतंच. मामांचा आवाज उतरला. बस आपोआप भरायची, आणि मामा माझ्या दुकानासमोर या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसत्या खेपा घालायचे. मी विचारलं, "मामा, आता काय झालं?"

"दुश्मन गेला ना शेठ, तं मानूस रिकामा होते. लढू कोनाशी? बसवाल्याइशी? थे तं माह्येच हायेत."

घरीही तीच गत. मामी एक दिवस दुकानात आल्या, लेकीसाठी सँडल बघायच्या निमित्तानं, आणि म्हणाल्या, "भाऊ, ह्याइले काही काम सांगा. घरात फिरू फिरू माह्यं शेनाचं सारवन उखडून टाकलं. काल देवघरातून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून देवघरात. देवालेच चक्कर आली असन."

काम मामांनी स्वतःच शोधलं. छोटी लाईन उखडली गेली, पण जुन्या मालधक्क्याच्या मागे तिचा एक तुकडा राहून गेला होता. धक्क्यापासून नाल्यावरच्या मोरीपर्यंत. संत्र्याच्या पेट्या लादायला पूर्वी तिथे डबे उभे राहत. रुळांवर बेशरमीची झुडपं माजली होती, रुळांखालच्या लाकडी स्लीपरांना वाळवी, आणि भंगाराचा ट्रक आज येतो की उद्या अशी स्थिती. मामा फिरत फिरत तिथे गेले, बेशरमीतून त्यांना रूळ दिसले, आणि वर्षानुवर्षांचा वैरी दवाखान्यात खाटेवर सापडावा तसं त्यांना झालं. "अबे, तू जिता हायेस काय!" असं ते रुळांना म्हणाले, असं ते स्वतःच सांगत. भंगारवाले आले त्या दिवशी मामा रुळांवर आडवे पडले नाहीत. आडवं पडणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. ते रुळांवरून इकडून तिकडे इतक्या खेपा घालत राहिले की गॅसकटरवाल्याला कापायला जागाच सापडेना.

प्रकरण नागपूरच्या रेल्वेच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेब तरुण होते, भले होते, पण कायद्याचे होते. ते येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "मामा, जुनी आठवण म्हणून हा तुकडा ठेवता येईल. पण ठेवायचा तर जिवंत ठेवायचा. मेलेला रूळ म्हणजे भंगार. पोळा झाल्यावर मी येईन, ढकल-ट्रॉलीवर बसून धक्क्यापासून मोरीपर्यंत जाईन. ट्रॉली डोलली तर मी काही करू शकणार नाही, उचलावंच लागेल."

"आन् नाई डोलली तं?"

"तर राहील."

बस. एवढ्यावर मामांनी आमची टोळी उभी केली. पगार नाही, भत्ता नाही, दर रविवारी सकाळी हजर. मी, दोन निवृत्त मास्तर, एक कापसाचा व्यापारी, संत्र्याच्या बागांचे तीन-चार मालक आणि ज्यांना ज्यांना बायकोनं रविवारी घर साफ करायला सांगितलं होतं ते सगळे. मामा मेट झाले ते त्या दिवसापासून. मामी दहाच्या सुमारास पोह्यांचं पातेलं घेऊन येत, मालधक्क्यावर बसत आणि प्रत्येकाच्या कामावर टीका करत. "शेठ, चप्पल शिवून नाई राहिले तुम्ही. जोर लावा."

मामांना रुळातलं काय कळत होतं? आरंभी काहीच नाही, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलं खपत नसे. स्लीपरखाली फोडलेल्या दगडांची गिट्टी ठोसायची, म्हणजे गाडीचं वजन पडलं तरी रूळ दबत नाही, एवढं एका जुन्या गँगमननं त्यांना सांगितलं होतं. बाकी सगळं त्यांनी आवाजावर भागवलं. गिट्टी ठोसायला बोथट तोंडाची कुदळ असते, तिला बीटर म्हणतात. सगळ्यांचे बीटर एका वेळी पडायला हवेत, म्हणून गँगमन ताल धरून काहीतरी म्हणतात. मामांना एकच ताल येत होता. "ना-ग-" म्हटलं की बीटर वर, "-पूर" म्हटलं की खाली. रविवारी सकाळी त्या बाजूने जाणारे लोक पिशव्या घेऊन धक्क्याकडे धावत येत आणि विचारत, बस कुठे आहे.

"रूळ अन् नवरा," मामी पोहे वाढता वाढता म्हणत, "दोघाइच्या खालचं भरून ठेवा लागते. नाई तं एका बाजूनं कलते."

मामा लांबून ओरडत, "ऐकून राहिलो मी!"

"ऐकाले बसा लागते," मामी म्हणत. "तुमी तं पळून राहिले."

पोळा जवळ आला तेव्हा सगळा तुकडा ठीक झाला होता, फक्त मोरीच्या तोंडाशी रूळ दबत होता. तिथली गिट्टी पावसानं नाल्यात वाहून नेली होती. ट्रॉली डोलली तर तिथेच डोलणार. मामांनी तिगावकडच्या एका खदानवाल्याला इतकं भंडावलं, की त्यानं मामांचं तोंड बंद करण्यासाठी ट्रकभर गिट्टी तशीच देऊन टाकली. ट्रक निघाला पोळ्याच्या दिवशी. आणि इथे मामांकडून जी चूक झाली, ती या जिल्ह्याबाहेरचा माणूस करूच शकत नाही, कारण बाहेरच्या माणसाला ती चूक आहे हेच कळणार नाही.

ट्रकचा ड्रायव्हर पांढुर्ण्याचा. पांढुर्ण्यात पोचला आणि त्यानं मामांना फोन लावला. मामा तेव्हा सौंसरच्या पोळ्यात, बैलांच्या रांगेतून फिरत, कानाला फोन, एका हातात तोरणाचा आंब्याचा डहाळा. ड्रायव्हर म्हणाला, "मामा, घरी जोडी सजून उभी हाय, पूजा व्हाची हाय. मालक ट्रक मांगून राहिला. गिट्टी कुठी टाकू?"

मामा म्हणाले, "टाक न बाप्पा कुठीबी मोकळ्या जागेत! परवा उचलू."

संध्याकाळी मामा माझ्याकडे आले. चेहरा असा, की मोरीच बांधून आले. "शेठ, गिट्टी आली."

"कुठे?"

"पांढुर्ण्यात. नदीच्या काठावर, मोकळ्या जागेत. मस्त ढीग पाडला म्हने."

माझ्या हातातली चप्पल पडली. "मामा, आज काय आहे?"

"पोळा."

"आणि उद्या?"

मामांचा उचललेला पाय तसाच हवेत राहिला.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. मधून जाम नदी. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव. नदीत पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा लावतात, आणि तो झेंडा घ्यायला दोन्ही काठांवरून एकमेकांवर गोटे चालतात. शहाणी माणसं दरवर्षी बंद करा म्हणतात, डोकी दरवर्षी फुटतात, आणि कुणाकुणाच्या घरी त्या दिवसाचं नाव काढलं तर बाया डोळ्याला पदर लावतात. अशा नदीच्या काठावर, अशा दिवसाच्या आदल्या संध्याकाळी, मामांनी ट्रकभर फोडलेले दगड पोचवले होते.

दुसऱ्या दिवशी रस्ते बंद. तिसऱ्या दिवशी पहिल्या बसनं आम्ही पांढुर्ण्याला गेलो. ढिगाच्या जागी नुसती धूळ होती. गिट्टीचा एक तुकडा शपथेला सापडेना. मला वाटलं, मामा आता आभाळ फाटेल असं ओरडणार. ते ओरडले नाहीत. त्या धुळीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि हळू आवाजात म्हणाले, "शेठ, कोनाले लागली असन?"

साहेब यायला चार दिवस उरले होते. मोरीला गिट्टी नव्हती, आणि हा माणूस मला ओढत सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथे बाकावर एक दांडगा गृहस्थ बसला होता. डोक्याला एवढी मोठी पट्टी, की लांबून फेटा वाटावा. पांढुर्ण्याच्या बाजूचा, भाजीचा धंदा. मामांनी विचारलं, "भाऊ, गोटा कसा होता?"

त्यानं शांतपणे खिशातून दगड काढला. "हा पाहा ना. नदीचा गोटा गोल असते. ह्याले कोने हायेत. लागला तसाच म्या म्हनलं, हा आपल्या गावचा नोहे, बाहेरचा पाहुना हाय. सावरगाववाल्याइनं औंदा बेइमानी केली."

पलीकडच्या बाकावर हात गळ्यात बांधलेला दुसरा गृहस्थ होता, सावरगावचा. तो तिथून म्हणाला, "बेइमानी तुमी केली! मले बी कोन्याचाच लागला!"

मामा दोघांच्या मधे उभे राहिले. त्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "भांडू नका. बेइमानी माही हाय. थो रुळाखालचा दगड होता. त्याचं काम गाडी झेलाचं. डोक्याशी त्याचा संबंधच नाई. माफ करजा." मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. साहेब, ट्रॉली, मोरी, चार दिवस.

पट्टीवाल्या भाऊंनी दगड हातात फिरवला, मामांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "मंग घेऊन जा ना. आमाले काय लोनचं घालाचं हाय?"

"आमचे बी नेजा," सावरगावचा म्हणाला. "त्याइच्यापेक्षा जास्त हायेत आमच्याकडं."

"मोजले काय बे?"

"माह्या आंगावर मोजले!"

मामांचे डोळे चमकले. दवाखान्याच्या पायऱ्या उतरले ते सरळ गल्लीत शिरले आणि बसस्टँडवरचा तो जुना आवाज लावला. "गिट्टी, गिट्टी, सौंसरची गिट्टी! कोनेवाली आपली, गोल तुमची! चला, चला!" आधी पांढुर्णा, मग पुलावरून सावरगाव. लोक घराबाहेर आले. अंगणातून, छतावरून, नदीच्या वाळूतून कोनेवाले दगड निघाले. घमेल्यात, खताच्या पोत्यात, भाजीच्या क्रेटात. एका आजीनं पाळण्यातून आणले. नातू बाजूला निजवला होता. एकानं वाटाण्याएवढी कपची आणली आणि म्हणाला, बाकीची अजून डॉक्टरनं काढली नाही.

रविवारी आपापले दगड घेऊन दोन्ही बाजू सौंसरला आल्या. संत्री वाहायचे दोन टेम्पो. दोन, कारण एकात बसायला दोघांपैकी कुणी तयार नव्हतं. निम्म्यांना पट्ट्या. आमचे मास्तर म्हणाले, ही टोळी आहे की लढाईवरून परतलेली पलटण? मामा मात्र हातावर हात घासत होते. त्यांना आयुष्यात प्रथमच तयार भांडण आयतं मिळालं होतं. त्यांनी धक्क्यावर चढून फर्मान काढलं, "डाव्या हाताचा रूळ पांढुर्ण्याचा! उजव्या हाताचा सावरगावचा! पाहू कोन आधी मोरी गाठते!"

त्या दिवशी जे काम झालं ते पाहायला इंग्रजांनी परत यायला हवं होतं. बीटर दिसत नव्हते, नुसती झळाळी दिसत होती. आम्ही सौंसरवाले अंग चोरून बाजूला झालो. दुपारी मोरीचं तोंड भरलं. तिथेच थांबायला हवं होतं. पण पांढुर्ण्याच्या कुणीतरी पाहिलं, की सावरगावचा रूळ केसभर उंच बसला आहे. झालं. पांढुर्ण्यानं आपला बोटभर उचलला. सावरगावनं दोन बोटं. मी मधे पाणसळ धरून उभा. तिचा बुडबुडा या टोकापासून त्या टोकापर्यंत मामांसारखा खेपा घालायला लागला. तासाभरात मोरीवरचे रूळ इतके उंच गेले की वर चढलेल्या एका गड्यानं, नागपूरला ढग आले आहेत, असं सांगितलं.

"मामा!" मी ओरडलो. "ट्रॉली चढणार कशी? साहेब उद्या सकाळी येणार आहेत!"

मामांना ते भांडण इतकं गोड लागलं होतं की ते कशासाठी लावलं हेच विसरले होते. त्यांचा चेहरा उतरला. खालून मामींनी पातेलं आपटलं. "लावून देल्ली ना कुस्ती? आता सोडवा!"

मामा मोरीवर धावले. "बाजू बदला! पांढुर्णावाले, सावरगावचा रूळ पाहा किती वर गेला. उतरवा त्याचा माज! सावरगाववाले, तुमी त्याइचा उतरवा!" दुसऱ्याचा माज उतरवायला कोण नाही म्हणतं? पण उतरवता उतरवता दोन्ही रूळ नाल्यात जायची वेळ आली. शेवटी मामांनी माझ्या हातून पाणसळ घेतली, दोन्ही रुळांवर आडवी ठेवली आणि म्हणाले, "आता ऐका. उंच नेला थो जिंकला नाई. खाली नेला थो बी नाई. बुडबुडा मधात ज्यानं आनला, थो जिंकला."

मग पहिल्यांदाच एका बाजूचा माणूस दुसऱ्या बाजूच्या माणसाला म्हणाला, "थोडं तुमच्याकडं ठोका."

सूर्य कलता कलता बुडबुडा मधे आला. तो कुणी आणला यावर आजही दोन मतं आहेत.

सोमवारी साहेब ट्रॉलीवर बसले. ढकलायला अर्थात मामा. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. ट्रॉली धक्क्यावरून निघाली, बेशरमीच्या खुंटांमधून गेली, मोरीवर आली. पाठीमागे आम्ही, पट्टीवाले भाऊ आणि हात बांधलेले सावरगावकर. ट्रॉली न डोलता मोरीच्या टोकाला थांबली. साहेब उतरले, वाकून रुळाखाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग त्या पट्ट्यांकडे पाहिलं. "हे सगळे काम करताना जखमी झाले?"

"नाई साहेब," मामा म्हणाले. "हे आधीच होऊन आले."

साहेबांनी वर्षाची परवानगी दिली. पुढच्या पोळ्यानंतर पुन्हा येईन म्हणाले. ट्रॉली ज्या वर्षी डोलेल त्या वर्षी रूळ उचलणार. मला वाईट वाटलं. एवढ्या कष्टावर नुसतं एक वर्ष? मामा मात्र खुशीत. "कायमची भेटली असती ना शेठ, तं सारे घरी जाऊन बसले असते. साहेब हुशार हाय."

तेव्हापासून दरवर्षी गोटमार झाली की रविवारी दोन टेम्पो येत. नदीतून आणखी निघालेले कोनेवाले दगड येत, गोल दगड आम्ही परत पाठवत. पांढुर्ण्याचे एक वर्ष हरत, सावरगावचे दुसऱ्या वर्षी रुसत, मामा दोघांना दोन्हीकडून पेटवत. साहेब येत, बसत, जात, वर्ष वाढवून देत. सुटीत शहरातली पोरं येऊन ट्रॉलीवर बसू लागली. त्यांच्या आयांना मामा हमखास विचारत, "नागपूर काय?"

यंदा मृगाच्या बहाराची संत्री उतरत असताना मामा गेले. सकाळी बसस्टँडवर होते, मला हात करून गेले. दुपारी घरी आले आणि मामींना म्हणाले, "थोडा बसतो." मामींनी मला नंतर सांगितलं, "बसतो म्हनले ना भाऊ, तवाच म्या शेजाऱ्याइले आवाज देला."

पोळा झाला. गोटमार झाली. रविवारी दोन टेम्पो आले, पण आतून कुणी भांडत उतरलं नाही. पट्टीवाले भाऊ (पट्टी कधीच सुटली, नाव राहिलं) माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. सावरगावचे लोक बीटर घेऊन रांगेत उभे, मान खाली. पांढुर्ण्याचे म्हणाले, "तुमी सुरू करा." सावरगावचे म्हणाले, "नाई नाई, आधी तुमी." असं सौजन्य या दोन काठांमधे इतिहासात झालं नसेल. काम सुरू झालं. बीटर पडत होते, पण एकेकटे. पावसाळ्यात मोरीचं तोंड या वेळी जास्तच खचलं होतं. दुपार होत आली तरी चतुर्थांशसुद्धा भरलं नाही. मी मेटच्या जागी उभा राहून ओरडून पाहिलं. माझा आवाज चपला विकायचा. "घ्या, घ्या, जोर लावा!" लोक माझ्याकडे दयेनं पाहत आणि हळूच दगड ठेवत, जणू खाली कुणी निजलं आहे. मनात हिशेब सुरू झाला. यंदा साहेब उद्या नाही, आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी येणार. हे असंच चाललं तर ट्रॉली डोलणार. डोलली की गॅसकटर. मला एका जागी उभं राहवेना.

मामी धक्क्यावर बसल्या होत्या. पोहे तसेच निवत होते. त्या उठल्या, पदर खोचला, रुळांच्या मधोमध चालत मोरीपर्यंत आल्या.

"काहून बाप्पा," त्या पांढुर्ण्याच्या लोकांना म्हणाल्या, "मयतीले आले काय? थे होऊन गेली. रूळ भराले आले असान तं भरा."

पट्टीवाले भाऊ म्हणाले, "मामी, मन नाई लागून राहिलं."

"समजलं मले." मामी सावरगावकडे वळल्या, पण आवाज दोघांना पुरेल इतका ठेवला. "औंदा झेंडा कोनं नेला म्हनता?"

सावरगावचा एक जण हळूच म्हणाला, "पांढुर्ण्यानं."

"मंग बराबर हाय. झेंडा हलका असते. रूळ उचलाले आंगात रगत लागते, थे कुठून येईन पांढुर्ण्यात?"

भाऊंचं बीटर थांबलं. "मामी, कोनाले म्हनून राहिल्या?"

"ज्याले लागलं त्याले."

"सावरगावचे का मोठे पहिलवान हायेत?"

"पहिलवान नसन," पलीकडून आवाज आला, "पन आमचा रूळ पाहा अन् तुमचा पाहा!"

भाऊंनी बंडी काढून मोरीच्या कठड्यावर फेकली. दोन्ही बाजूंचे बीटर एकदम वर गेले. पाहता पाहता मोरीचं तोंड भरलं, वर आलं, बरोबरीला आलं, आणि बरोबरीच्या पुढे निघालं. पांढुर्ण्याचा रूळ बोटभर चढला. सावरगावनं दोन बोटं चढवला. पाणसळीचा बुडबुडा धावायला लागला.

"थांबा!" मी दोन्ही हात वर करून ओरडलो. "थांबा, जास्त झालं! आता थांबा!"

मामींनी माझा हात धरून खाली केला.

"वर जाऊ द्या शेठ," त्या म्हणाल्या. "उतरवाले आठवडा हाय."